हरभऱ्याएवढी गाठ: कुत्रीच्या स्तनगाठींबद्दल वाचकांचे प्रश्न

कुत्रीच्या सडांजवळ येणाऱ्या गाठींबद्दल नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या कितीतरी पत्रांत एक वाक्य सारखं भेटतं: "गाठ वर्षभरापासून होती, पण तिला त्रास काही नव्हता." हे वर्ष फार महाग पडतं, म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या तुम्हाला तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून. त्या वाचून घरी औषध सुरू करू नका.

प्रश्न: आमची पामेरियन नऊ वर्षांची आहे. पिल्लं कधी झाली नाहीत, नसबंदीही केलेली नाही. परवा अंघोळ घालताना मागच्या पायाजवळच्या सडाखाली हरभऱ्याच्या दाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली. दुखत नाही, खाणंपिणं व्यवस्थित आहे. सासूबाई म्हणतात चरबीची असेल. शेजारचे काका म्हणतात, गाठीला सुई लावली की ती पसरते. थांबून बघू का? (धरमपेठ)

उत्तर: थांबू नका, ताई. नऊ वर्षं वय, नसबंदी नाही आणि गाठ मागच्या सडाजवळ, या तिन्ही गोष्टी स्तनगाठीकडे बोट दाखवतात. कुत्रीला साधारणपणे सडांच्या पाच जोड्या असतात: दोन छातीवर, दोन पोटावर, एक जांघेत. मागच्या दोन जोड्यांत ग्रंथीचा भाग सगळ्यात जास्त असतो, म्हणून बहुतेक गाठी तिथेच येतात.

नसबंदी न झालेल्या कुत्रींमध्ये ही सगळ्यात जास्त आढळणारी गाठ. ढोबळ मानाने यातल्या निम्म्या साध्या निघतात आणि निम्म्या कर्करोगाच्या. कर्करोगाच्या ज्या निघतात, त्यांतल्याही सगळ्याच पसरलेल्या नसतात. म्हणजे तुमच्या हातात आज चांगली संधी आहे. पण साधी गाठ कायम साधीच राहील, असं नाही. वाढता वाढता तिच्यातच कर्करोगाच्या पेशी तयार होऊ शकतात, आणि म्हणून गाठीच्या आकाराला इतकं महत्त्व आहे. ३ सें.मी.पेक्षा लहान, ३ ते ५ सें.मी. आणि ५ सें.मी.पेक्षा मोठी अशा तीन पायऱ्या डॉक्टर धरतात, आणि प्रत्येक पायरीला पुढचं आयुष्यमान कमी होत जातं. हरभऱ्याएवढी गाठ काढायला छोटा छेद पुरतो. तीच संत्र्याएवढी झाली तर अख्खी ओळ काढावी लागते.

आता सुईबद्दल. एफएनएसी म्हणजे इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरून बघणं. भूल लागत नाही, पाच मिनिटांचं काम. स्तनगाठ सुईने पसरण्याची भीती बाळगण्याचं कारण नाही. मात्र या तपासणीची मर्यादा लक्षात ठेवा. एकाच गाठीत एका कोपऱ्यात साध्या आणि दुसऱ्या कोपऱ्यात कर्करोगाच्या पेशी असू शकतात, आणि सुई जिथे गेली तिथलंच चित्र दिसतं. त्यामुळे एफएनएसीत काही वाईट दिसलं नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही. तिचा खरा उपयोग वेगळा आहे: ही चरबीची गाठ आहे का, पू आहे का, की त्वचेच्या मास्ट पेशींची गाठ आहे, हे शस्त्रक्रियेआधी कळतं. मास्ट पेशींची गाठ असेल तर आजूबाजूची कातडी जास्त रुंद घेऊन काढावी लागते, म्हणून ते आधीच माहीत असलेलं बरं. पक्कं निदान होतं ते गाठ काढून तिच्या बायोप्सीवर.

एक काम आजच करा. तिला कुशीवर झोपवा. काखेपासून सुरुवात करून जांघेपर्यंत एकेक सड घ्या आणि त्याच्या मुळाशी असलेला मऊ भाग अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत हलकेच फिरवा. निरोगी ग्रंथी लोण्यासारखी सरकते. गाठ असली तर तुरीच्या दाण्यासारखी बोटांखालून निसटते. मग दुसऱ्या कुशीवर. एक गाठ सापडली की शोध थांबवू नका, कारण अर्ध्याहून जास्त कुत्रींना एकापेक्षा अधिक गाठी असतात. वहीत दहा सडांचं चित्र काढून प्रत्येक गाठीची जागा, मि.मी.मधलं माप आणि तारीख लिहा, आणि ते पान डॉक्टरांकडे सोबत न्या. केसाळ पामेरियनमध्ये लहान गाठ डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांनीच शोधावी लागते.

प्रश्न: आमची लॅब्राडोर तीन वर्षांची आहे. माज संपून दोन महिने झाले. आता सगळे सड सुजले आहेत, दाबलं की दूध येतं, आणि ती उशा ओढून कोपऱ्यात घर करते. कुत्र्याशी संबंध आलेला नाही. या गाठी आहेत का? (मनीषनगर)

उत्तर: जवळजवळ नक्कीच ही खोटी गरोदरता आहे. माजानंतर सहा ते नऊ आठवड्यांनी संप्रेरकं उतरतात, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं आणि शरीर पिल्लं झाल्यासारखं वागू लागतं. यात सगळ्या ग्रंथी सारख्या आणि मऊ सुजतात. गाठ असते ती एका जागी, कडा असलेली, टणक.

दूध दाबून काढणं आधी थांबवा. जितकं काढाल तितकं जास्त येईल. गरम शेक नको, तेलाची मालिश नको. चाटत असेल तर गळ्यात कोन घाला. दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरतं. फारच अस्वस्थ असेल तर डॉक्टर कॅबरगोलिन देतात, किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, दिवसातून एकदा, पाच ते सात दिवस. सूज पूर्ण उतरल्यावर चिमटीने पुन्हा तपासा. एखादी गाठ मागे राहिली असेल तर ती तुमची खरी गाठ. आणि नसबंदी करायची असेल तर दूध पूर्ण थांबल्यावरच. दूध चालू असताना अंडाशय काढले तर ही लक्षणं लांबू शकतात.

प्रश्न: गाठ पोटावर आहे आणि डॉक्टरांनी छातीचे तीन एक्स-रे आणि रक्ताच्या चार तपासण्या सांगितल्या. हा खर्च खरंच गरजेचा आहे का? (सक्करदरा)

उत्तर: गरजेचा आहे. स्तनाचा कर्करोग पसरतो तो आधी लसिका गाठींत (लिम्फ नोडमध्ये) आणि मग फुप्फुसांत. पुढच्या सडांची लसिका काखेकडे जाते, मागच्यांची जांघेकडे, आणि मधल्या जोडीची दोन्हीकडे. म्हणून डॉक्टर काख आणि जांघ चाचपतात. तिथे काही फुगलेलं लागलं तर तिथूनही सुईने नमुना घ्यायला सांगा.

एक्स-रे तीन का? कुत्री उजव्या कुशीवर झोपली की खालचं फुप्फुस दबतं आणि त्यातली छोटी गाठ दिसत नाही. डाव्या कुशीवर उलट होतं. म्हणून उजवी कुस, डावी कुस आणि एक सरळ. एकाच बाजूचा फोटो काढून "छाती साफ आहे" असं म्हणणं अर्धवट आहे. तीनही फोटोंत काही दिसलं नाही तरी साधारण अर्ध्या सें.मी.पेक्षा लहान ठिपके एक्स-रेत सुटू शकतात. तरीही हे तीन फोटो बघूनच शस्त्रक्रियेचा निर्णय व्हायला हवा, कारण फुप्फुसात आधीच पसरलं असेल तर मोठी शस्त्रक्रिया करून तिला फारसा फायदा होत नाही.

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, किडनी आणि लिव्हर एवढं हवंच. आपल्याकडे प्लेटलेट विशेष. गोचिडांमुळे होणारा एर्लिचिया हा आजार इथे सर्रास आढळतो, आणि जुना एर्लिचिया असलेली कुत्री वरून अगदी ठणठणीत दिसते. टेबलावर घेतल्यावर मात्र रक्त थांबत नाही. प्लेटलेट कमी आले तर रक्ताची काचपट्टी बघून किंवा किट टेस्ट करून आधी त्याचा उपचार करावा. डॉक्सीसायक्लिन किलोमागे १० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस, हा रूढ कोर्स आहे. प्लेटलेट सावरले की शस्त्रक्रिया. मशीनने दिलेला प्लेटलेटचा आकडा कमी असेल तर काचेवर डोळ्यांनी मोजायला सांगा. प्लेटलेटचे गुच्छ झाले की मशीन चुकतं.

सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही दाखवता येतं. जाताना जुने सगळे कागद, एक्स-रे आणि सडांचं ते चित्र सोबत ठेवा.

प्रश्न: एका डॉक्टरांनी फक्त गाठ काढू म्हटलं, दुसऱ्यांनी उजवी पूर्ण ओळ काढू म्हटलं. शिवाय दोघांनीही सोबत नसबंदी सांगितली. दहा वर्षांच्या कुत्रीला एवढं झेपेल का? (महाल)

उत्तर: दोघांचंही बरोबर असू शकतं. कोणती शस्त्रक्रिया करायची हे गाठ किती मोठी, कुठे आणि किती जागी आहे, यावर ठरतं.

अर्ध्या सें.मी.पेक्षा लहान, सुटी, सरकणारी गाठ असेल तर तेवढीच काढली तरी चालते. त्याहून मोठी आणि एकाच सडाच्या मधोमध असेल तर तो सड ग्रंथीसकट जातो, चहूबाजूंनी १ ते २ सें.मी. निरोगी भाग घेऊन. गाठ खाली स्नायूला चिकटली असेल तर स्नायूवरचं पातळ आवरणही सोबत निघायला हवं. नाहीतर मुळाशी पेशी राहतात आणि त्याच टाक्याखाली पुन्हा गाठ येते. पुढून चौथ्या-पाचव्या सडाची लसिका एकत्रच वाहते, त्यामुळे त्यातल्या एकात मोठी गाठ असेल तर दोन्ही सड जांघेतल्या लसिका गाठीसकट एकत्र काढतात. त्याच ओळीत जागोजागी गाठी असतील तर पूर्ण ओळ. दोन्ही ओळी एकाच दिवशी शक्यतो काढत नाहीत, कारण कातडी ओढून जोडायला पुरत नाही आणि जखम उघडते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात.

ओळ अख्खी काढली म्हणून आयुष्य आपोआप वाढत नाही. गाठ पूर्ण, स्वच्छ कडांसकट निघाली की नाही याला महत्त्व आहे. पूर्ण ओळीचा फायदा एवढाच की त्या बाजूला नवी गाठ यायला जागा उरत नाही. म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: "कडा किती घेणार?" नेमकं उत्तर देतील त्यांच्याकडे जा.

नसबंदीचा मुख्य फायदा गर्भाशयात पू होण्याचा, म्हणजे पायोमेट्राचा, धोका कायमचा जातो हा. काही गाठी संप्रेरकांवर वाढतात, त्या कुत्रींना दुहेरी फायदा होतो. भूल एकच लागते. क्रम मात्र ठरलेला आहे: आधी नसबंदी, मग गाठ. उलट केलं तर गाठीवर फिरलेल्या हत्यारांनी पेशी पोटात नेण्याचा धोका राहतो. सर्जन क्रम उलटा ठेवत असतील तर हातमोजे आणि हत्यारं बदलणार का, हे विचारायला संकोच करू नका.

दहा वर्षं हा काही आजार नाही. हृदय, किडनी आणि रक्त ठीक असेल तर ती भूल झेपवते.

प्रश्न: गाठ काढून झाली. डॉक्टर म्हणाले "साधी दिसत होती", म्हणून तपासणीला दिली नाही. आता दुसरी आली आहे. या वेळी बायोप्सीला कशी द्यायची? (हिंगणा रोड)

उत्तर: "साधी दिसत होती" हे वाक्य आम्हाला फार खटकतं. नुसत्या डोळ्यांनी कोणालाही ते सांगता येत नाही. या वेळी नीट करू या.

तयारी शस्त्रक्रियेच्या आधी करा. रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या, झाकण घट्ट बसणारी. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ तुकडा आत जातो, पण फॉर्मालिनमध्ये कडक झाल्यावर बाहेर निघत नाही, आणि लॅबवाल्यांना बाटली कापावी लागते. आत १० टक्के फॉर्मालिन हवं: बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. बफर घातलेलं तयार मिळालं तर उत्तम. गाठीच्या दहापट फॉर्मालिन. लिंबाएवढ्या गाठीला अर्धा लिटरची बरणी लागते, आणि इथेच सगळे कंजुषी करतात. कमी फॉर्मालिनमध्ये गाठीचा वरचा थर टिकतो आणि आतून सडते, कारण फॉर्मालिन तासाला जेमतेम एक मि.मी. आत शिरतं. मोठ्या गाठीला म्हणूनच पावाच्या स्लाइससारखे साधारण १ सें.मी. अंतराने काप द्यावे लागतात, पूर्ण न तोडता. काप देण्याआधी कडांना शाई लावायला सांगा, म्हणजे गाठ कडेपर्यंत पोचली होती का हे लॅबला सांगता येतं. डोक्याकडच्या टोकाला एक टाका बांधून ठेवला की दिशा कळते.

प्रत्येक गाठीला वेगळी बरणी आणि नाव बरणीवर. झाकणावर लिहू नका, झाकणं बदलतात. पूर्ण गाठ पाठवा. एक छोटा तुकडा पाठवला तर सुईचीच अडचण पुन्हा येते. फ्रीजरमध्ये ठेवायचं नाही, सलाइनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही. मे महिन्यात फॉर्मालिनशिवाय गाठ गाडीत राहिली तर काही तासांत निकामी होते. फॉर्मालिनचा वास डोळ्यांत आणि घशात झोंबतो, म्हणून भरताना खिडकी उघडी, हातात मोजे आणि लहान मुलं दूर. सोबतच्या कागदावर वय, जात, नसबंदी, शेवटचा माज, कोणता सड, किती मोठी आणि किती दिवसांपासून हे लिहा. लॅबच्या डॉक्टरांना तेवढंच दिसतं जेवढं तुम्ही सांगता.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: गाठीचा प्रकार, ग्रेड, कडा स्वच्छ की नाही, आणि रक्त किंवा लसिका वाहिन्यांत पेशी शिरल्या का. ग्रेड म्हणजे कर्करोग किती आक्रमक आहे त्याची पायरी, ती तीन गोष्टींवर ठरते: नळ्या किती नीट बनल्या, पेशींची केंद्रकं किती वेडीवाकडी, आणि किती पेशी विभागताना दिसल्या. प्रत्येकीला एक ते तीन गुण. बेरीज ३ ते ५ आली तर पहिली ग्रेड, ६-७ दुसरी, ८-९ तिसरी. पहिल्या ग्रेडची गाठ स्वच्छ कडांनी निघाली असेल तर बहुतेक वेळा शस्त्रक्रियेपुढे काही लागत नाही.

प्रश्न: येत्या मे महिन्यात शस्त्रक्रिया ठरली आहे. एवढ्या उन्हात टाके पिकतील का? पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलू का? (कामठी)

उत्तर: पुढे ढकलू नका. उन्हामुळे टाके पिकत नाहीत. पिकतात ते चाटल्याने, ओलाव्याने आणि धुळीने. पावसाळ्यात ओल आणि माश्या जास्त, म्हणजे तो काळही काही सोपा नाही. पण नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत काळजी वेगळी घ्यावी लागते.

कुत्रीला घाम जवळजवळ येत नाही, ती धापून गार होते. छातीपोटाभोवती पट्टी करकचून बांधली तर धापता येत नाही. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळ्यातला कोन इतका मोठा हवा की आत तोंड पूर्ण उघडता येईल आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचता येईल. कूलरच्या अगदी समोर झोपवू नका, त्याचे तुषार अंथरूण आणि पट्टी ओली करतात. बाजूच्या भिंतीला, गार फरशीवर, जुन्या सुती चादरीवर, आणि चादर रोज बदलायची. फिरवणं पहाटे साडेपाचला, तेही फक्त शू-शीसाठी, पट्टा लावून.

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाक्यांखाली मऊ, न दुखणारी, पाण्याने भरल्यासारखी सूज येऊ शकते. हे सेरोमा, कातडीखालच्या रिकाम्या जागेत साठलेलं पाणी. दर वेळी सुईने उपसू नका, त्यातून जंतू आत जातात. लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांत जिरतं. मागचा पाय काही दिवस किंचित सुजणंही चालतं. न चालणाऱ्या गोष्टी: लाली पसरणं, वास येणं, टाक्यांची कड काळी पडणं, ताप, खाणं बंद. जांघेतली जखम सगळ्यात आधी उघडते, कारण प्रत्येक पावलाला तिथली कातडी ओढली जाते. म्हणून जिने आणि पलंगावर उड्या दोन आठवडे बंद. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात.

दुखण्याला मेलॉक्सिकॅम देतात: पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१. दहा किलोच्या कुत्रीला म्हणजे पहिल्या दिवशी २ आणि नंतर रोज १ मिलिग्रॅम, जेवणानंतर. उलटी किंवा काळी शी झाली तर लगेच थांबवून डॉक्टरांना कळवा. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कधीही देऊ नका, त्याने पोटात अल्सर होतात आणि किडनी जाते. प्रेडनिसोलोन चालू असेल तर तेही आधीच सांगा, कारण मेलॉक्सिकॅमसोबत ते चालत नाही.

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या कुत्रीच्या पोटाला लिंबाएवढी गाठ लोंबते आहे. ती फुटली आणि आता त्यात अळ्या पडल्या. कोणीतरी फिनाईल टाकलं. काय करावं? (नंदनवन)

उत्तर: फिनाईल आणि रॉकेल आधी थांबवा. जखमेतून आणि चाटण्यातून ते शरीरात जातं, विषबाधा होते, आणि जिवंत मांस भाजतं ते वेगळंच. तोंड पट्टीने बांधा, पण ती धापत असेल तर बांधू नका. स्वच्छ पाण्यात लिटरमागे ९ ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा, मीठ घालून उकळून गार करा आणि मोठ्या सिरिंजने जखम धुवा. अळ्या चिमट्याने काढा, खोल कप्पे दोन-तीनदा तपासा. मग पशुवैद्यकाकडचा माश्या दूर ठेवणारा स्प्रे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, कारण अंडी राहतात.

मग लगेच एफएनएसी, आणि यामागे खास कारण आहे. भटक्या कुत्र्यांमध्ये टीव्हीटी नावाची संसर्गजन्य गाठ असते. ती मीलनातून आणि चाटण्या-हुंगण्यातून पसरते, बहुतेक वेळा योनीत असते, पण कधी कातडीवर आणि सडांवरही येते. फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी. सुईच्या नमुन्यात गोल पेशी आणि त्यांच्यात रिकामे बुडबुडे दिसले की ओळख पटते. टीव्हीटीला बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच लागत नाही. व्हिन्क्रिस्टिन शिरेतून आठवड्याला एकदा, किलोमागे ०.०२५ मिलिग्रॅम, चार ते सहा वेळा दिल्यावर बहुतेक गाठी पूर्ण विरघळतात. औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी सडते, त्यामुळे ते डॉक्टरांनीच द्यायचं. स्तनगाठ समजून घाईने कापलेली टीव्हीटी परत येते, आणि दोन मिनिटांच्या सुईने हे टळलं असतं, याचं वाईट वाटतं.

प्रश्न: आमच्या कुत्रीच्या पोटाची दोन्ही बाजूंची कातडी लाल, गरम आणि कडक झाली आहे, मागचा पायही सुजला. दहा दिवस अँटिबायोटिक दिलं, फरक नाही. गाठ मात्र कुठेच लागत नाही. (उमरेड)

उत्तर: हे पत्र वाचून लगेच उत्तर पाठवलं होतं, इथे सगळ्यांसाठी देत आहोत. सडात पू झाला, म्हणजे स्तनदाह असला, तर तो पिल्लं पाजणाऱ्या किंवा खोट्या गरोदरतेतल्या कुत्रीला, बहुधा एक-दोन सडांत होतो आणि अँटिबायोटिकने चार-पाच दिवसांत उतरू लागतो. इथे तसं झालेलं नाही. अनेक सड, दोन्ही बाजू, पायाची सूज, आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड, बारीक खड्ड्यांची: हा दाहक स्तनकर्करोग असण्याची दाट शक्यता आहे. यात पेशी कातडीच्या लसिका वाहिन्यांत भरतात, म्हणून वेगळी गाठ लागत नाही.

प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची वेळ तपासून मग कातडीचा ६ ते ८ मि.मी.चा छोटा गोल तुकडा बायोप्सीला द्यावा. निदान पक्कं झालं तर कापू नये. रोग कडांपलीकडे गेलेला असतो, जखम भरत नाही आणि तिचे उरलेले दिवस वेदनेत जातात. पिरॉक्सिकॅम किलोमागे ०.३ मिलिग्रॅम रोज, जेवणानंतर, आणि सोबत दुखण्याची इतर औषधं यांनी आराम मिळतो. काळ बहुतेक वेळा आठवड्यांत किंवा काही महिन्यांतच मोजावा लागतो. ती उठून दाराशी येते का, जेवते का, रात्री झोपते का, हे रोज लिहून ठेवा. तीन दिवस सलग "नाही" आलं तर डॉक्टरांशी दयामरणाबद्दल बोलायला उशीर करू नका.

प्रश्न: नर कुत्र्याला ही गाठ होते का? (वर्धा रोड)

उत्तर: होते, पण फार क्वचित. नराचे सड सुजले असतील तर वृषणं तपासा, विशेषतः एक पोटातच राहिलेलं असेल तर. वृषणातली सर्टोली पेशींची गाठ इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक बनवते, आणि त्याने सड सुजतात.

प्रश्न: नऊ महिन्यांची बीगल आहे. नसबंदी कधी करावी? एकाने माज थांबवायचं इंजेक्शन सुचवलं. (प्रतापनगर)

उत्तर: इंजेक्शन नको. ती प्रोजेस्टिन संप्रेरकं असतात. त्यांनी स्तनगाठींचा आणि पायोमेट्राचा, दोन्हींचा धोका वाढतो.

१९६९ च्या अमेरिकन अभ्यासातले आकडे अजून सगळीकडे सांगितले जातात: पहिल्या माजाआधी नसबंदी झाली तर धोका ०.५ टक्के, पहिल्यानंतर ८, दुसऱ्यानंतर २६. हे आकडे अख्ख्या आयुष्यभराचा धोका सांगत नाहीत, नसबंदी न झालेल्या कुत्रीशी तुलना करून काढलेले आहेत, आणि पुढच्या काळात त्यांच्या पद्धतीवर शंकाही घेतली गेली. लवकर केली तर फायदा जास्त, ही दिशा मात्र कायम आहे. बीगलला आताच करून घ्या. मोठ्या जातींत सांध्यांचा विचार करून थोडं थांबतात. लहानपणीचा लठ्ठपणाही पुढे गाठींचा धोका वाढवतो, त्यामुळे बिस्किटं कमी.

प्रश्न: बायोप्सीत तिसरी ग्रेड आली, वाहिन्यांत पेशीही दिसल्या. छाती अजून साफ आहे. केमो द्यावी का? (सदर)

उत्तर: अशा वेळी केमोचा विचार करायला हरकत नाही, पण नीट समजून. कुत्र्यांमध्ये स्तनकर्करोगावर केमोचा फायदा किती, याचे पुरावे शस्त्रक्रियेइतके भक्कम नाहीत. डॉक्सोरुबिसिन दर तीन आठवड्यांनी, शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम, असं चार ते सहा वेळा देतात. १० किलोपेक्षा लहान कुत्रीला किलोमागे १ मिलिग्रॅम धरतात. हृदयावर ताण येतो, म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत ताप आला तर "उद्या बघू" चालत नाही. डोस दिल्यानंतर तीन दिवस तिची शू-शी हातमोजे घालून साफ करा, घरात गरोदर बाई असेल तर तिने दूर राहावं.

केमो दिली किंवा नाही दिली तरी तपासणीचं वेळापत्रक सारखंच: महिन्याने टाक्यांची जागा आणि उरलेले सड, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी तीन एक्स-रे, त्यानंतर दर सहा महिन्यांनी. घरी ती गाढ झोपली की आठवड्यातून एकदा छातीची हालचाल मिनिटभर मोजा. एक वर-खाली म्हणजे एक श्वास. शांत झोपेत तो आकडा सलग दोन-तीन दिवस ३० च्या वर राहिला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता एक्स-रे काढून घ्या.